शुगरची गोळी आणि पहिले बारा आठवडे

(जालना येथील एका स्मृती व्याख्यानमालेत स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पत्रिकेवर विषय छापून आला तेव्हा संयोजकांपैकी एका काकांनी चाचरत विचारलं, "डॉक्टर, श्रोत्यांत पुरुषच जास्त असतात, चालेल ना?" म्हटलं, चालेल कसलं, तेच हवे आहेत. विषयातच पुरुषी संप्रेरकं आहेत. शिवाय घरात कुणाला दिवस राहिले की औषधाचं दुकान, सोनोग्राफीचा नंबर आणि बिलं ही खाती बहुधा पुरुषांकडेच असतात. आपण कोणती गोळी आणली आणि ती कशासाठी, हे त्यांनाही ठाऊक असावं.

ती गोळी म्हणजे मेटफॉर्मिन. आपल्याकडे तिला कोणी या नावाने ओळखत नाही, ती 'शुगरची गोळी'. गंमत अशी, की माझ्याकडे येणाऱ्या ज्या तरुण मुलींच्या पर्समध्ये ही गोळी असते, त्यातल्या बहुतेकींना शुगर नसतेच. त्यांना पाळीची तक्रार असते. मग दिवस राहतात, आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात हातात पाकीट घेऊन प्रश्न येतो, "मॅडम, ही बंद करू का चालू ठेवू? लेकराला काही होईल का?" आज मी त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला उभी आहे. उत्तर एका शब्दाचं नाही, म्हणून तर तास मागून घेतला.

सुरुवात मानेपासून करते. अंबडकडून, परतूरकडून आई मुलीला घेऊन येते. मुलगी एकोणीस-वीस वर्षांची, पाळी तीन-तीन महिने येत नाही. गळ्याभोवती ओढणी गच्च गुंडाळलेली. ती सारली की मानेच्या मागे काळसर, जाडसर, हाताला मखमल लागावी असा पट्टा दिसतो. आई लगेच म्हणते, "किती सांगते हिला, मान घासत जा म्हणून." लिंबू लावून झालेलं असतं, डाळीचं पीठ लावून झालेलं असतं, एखादीने भांड्याची घासणीसुद्धा फिरवलेली असते. कातडी सोलवटते, काळेपणा जात नाही. कसा जाईल? तो मळच नव्हे. रक्तात इन्शुलिन फार वाढलं की तिथल्या त्वचेच्या पेशी भराभर वाढतात आणि तो पट्टा उमटतो. हनुवटीवरचे राठ केस, जबड्यावरचे न हटणारे मुरूम, भांगात विरळ झालेले केस ही वेगळ्या गोष्टीची खूण, अंगात पुरुषी संप्रेरकं वाढल्याची. मान आणि हनुवटी दोन्ही नीट पाहिल्या की या विकाराचं, म्हणजे पीसीओडीचं, निम्मं निदान रिपोर्ट येण्याआधीच होतं.

टेस्टोस्टेरॉन प्रत्येक बाईच्या अंगात असतं, असायलाच हवं. स्त्रीचं म्हणून जे इस्ट्रोजेन आपण ओळखतो ते शरीर याच पुरुषी संप्रेरकांपासून बनवतं. प्रमाण मात्र वेगळं. प्रयोगशाळेप्रमाणे आकडे थोडे बदलतात, तरी निरोगी स्त्रीच्या रक्तात ते डेसिलिटरला साधारण १५ ते ७० नॅनोग्रॅम असतं आणि पुरुषात ३०० ते १,०००. पीसीओडी असलेल्या मुलीचं ते तिच्या मर्यादेच्या थोडं वर गेलेलं असतं, एवढंच. ती 'पुरुषासारखी' झालेली नसते. हे मी मुद्दाम सांगते, कारण लग्नाच्या बोलाचालीत कुणीतरी असा रिपोर्ट वाचतं आणि नको ते बोलून जातं.

वाढलेलं इन्शुलिन आणि वाढलेली पुरुषी संप्रेरकं यांचं गूळपीठ आहे, हे आज आम्ही विद्यार्थ्यांना एका ओळीत शिकवतो. ती ओळ लिहायला अडीचशे वर्षं लागली. १७२१ साली इटलीतल्या अंतोनिओ व्हॅलिस्नेरी यांनी एका शेतकरी विवाहितेचं वर्णन लिहून ठेवलं. बाई तरुण, अंगाने भरलेली, मूल नसलेली. अंडाशय पांढुरके, चकचकीत, कबुतराच्या अंड्याएवढे. १९२१ मध्ये पॅरिसच्या अशार आणि तिएर या डॉक्टरांनी 'दाढीवाल्या बायकांचा मधुमेह' नोंदवला. नाव क्रूर होतं, निरीक्षण पक्कं होतं. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांची हकिगत छापली आणि पुढे बरीच वर्षं या विकाराला त्यांचंच नाव राहिलं. इन्शुलिन आणि टेस्टोस्टेरॉन जोडीनेच वाढतात, हे मोजून दाखवलं गेलं ते १९८० मध्ये, अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात.

जोडीने का? अंडाशयातल्या काही पेशी मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीच्या हुकमाने पुरुषी संप्रेरक बनवतात. इन्शुलिन वाढलं की ते या हुकमाला जोर देतं. त्याच वेळी यकृतात तयार होणारं एक प्रथिन, जे टेस्टोस्टेरॉनला रक्तात बांधून ठेवतं, तेही इन्शुलिनमुळे कमी पडतं. म्हणजे उत्पादन जास्त आणि मोकळं सुटलेलं संप्रेरकही जास्त. मग अंडाशयात एकही बीज पूर्ण पिकत नाही, अर्धवट वाढलेल्या फॉलिकल कडेने ओळीत थबकून राहतात. सोनोग्राफीत त्याच दिसतात. लोक म्हणतात 'पिशवीला गाठी झाल्या'. ती पिशवी नव्हे, ते अंडाशय; आणि त्या गाठीही नव्हेत, ती थांबलेली बीजं. एवढा एक गैरसमज दूर झाला तरी पुष्कळ मुलींची झोप परत येईल.

किती जणींना असतं हे? परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या ७७८ मुलींची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. रॉटरडॅम नावाचे थोडे सैल निकष लावले तर २२.५ टक्के, अँड्रोजन म्हणजे पुरुषी संप्रेरकं वाढल्याशिवाय निदान करायचं नाही असा कडक निकष लावला तर १०.७ टक्के. मुली त्याच, मोजपट्टी बदलली. म्हणून 'पीसीओडी आहे' या वाक्यावर न थांबता विचारा, की पुरुषी संप्रेरकं खरोखर वाढली आहेत का, की नुसत्या सोनोग्राफीवरून शिक्का बसला? पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती अनियमित असणं स्वाभाविक आहे. पहिली आठ वर्षं तर सोनोग्राफीवरून हे निदान करूच नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आपल्या मराठवाड्यात लवकर लग्नाचं प्रमाण राज्याच्या सरासरीच्या वर आहे. सतरा-अठराच्या मुलीला सहा महिन्यांत दिवस राहिले नाहीत की सोनोग्राफी, सोनोग्राफीत 'पीसीओडी', आणि लगेच गोळी. त्या मुलीला औषधाची नव्हे, आणखी चार वर्षांच्या सवडीची गरज होती.

आता पहिल्या बारा आठवड्यांकडे येते. बीज फलित झाल्यावर साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसापर्यंत ते गर्भाशयाच्या अस्तरात रुजतं. घरात अजून कुणाला पत्ता नसतो, पाळी चुकलेलीही नसते. या अस्तराला प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाखाली आपला पोतच बदलावा लागतो, पेशी फुगीर होतात, रक्तवाहिन्या वळणं घेतात. यासाठी थोडं अँड्रोजन लागतंही. पण ते आणि इन्शुलिन दोन्ही फाजील असले तर अस्तर प्रोजेस्टेरॉनचं नीट ऐकत नाही. आठ-दहा आठवड्यांनी वार कारभार हाती घेते, तोवरचा काळ नाजूक. स्वीडनमधल्या गोटेनबर्ग विद्यापीठात गाभण उंदरांना एक ताकदवान अँड्रोजन आणि इन्शुलिन एकत्र दिलं गेलं; पिल्लं पोटातच दगावण्याचं प्रमाण वाढलं आणि वारेच्या पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या जागा, बिघडलेल्या सापडल्या. उंदीर म्हणजे बाई नव्हे, हे सांगायला नकोच. बाईच्या वारेला एक मोठी सोय आहे. आईकडून आलेलं अँड्रोजन ती इस्ट्रोजेनमध्ये बदलून टाकते, त्यामुळे पोटातल्या मुलीचं बहुतांशी रक्षण होतं. 'आईची पुरुषी हार्मोन्स वाढली म्हणून मुलीला मिशा येतील' ही भीती कुणी घातली असेल तर ती सोडून द्या.

गर्भपाताचं काय? कळून आलेल्या दर शंभर गर्भांपैकी पंधराएक तसेही पडतात, आणि त्यातल्या निम्म्याअधिकांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. तिथे कोणतीही गोळी चालत नाही. पीसीओडीत धोका काहीसा वाढतो. त्यातला बराच वाटा वजनाचा आणि साखरेचा असतो. ठोके आले नाहीत म्हणून पिशवी साफ करावी लागलेली बाई समोर बसते आणि सासू विचारते, "हिने जड उचललं होतं का?" नाही हो. तिने काहीच केलेलं नसतं.

मग ही गोळी गर्भपात टाळते, हा समज आला कुठून? ते सांगायला जालन्यासारखं गाव नाही. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याचा प्लॉट म्हणजे काय, हे या सभागृहात निम्म्या लोकांना माझ्याहून चांगलं माहीत आहे. नवं वाण विहिरीजवळच्या काळ्या रानात पेरलं आणि जुनं मुरमाड बांधाला, तर उतारा वाणाचा की पाण्याचा हे कसं ठरवणार? म्हणून शेजारी-शेजारी पेरायचं, आणि कुठला तुकडा कुणाला हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. ही चिठ्ठीची रीत १९२०च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेती केंद्रावर रोनाल्ड फिशर यांनी बसवली. वैद्यकाने ती शेतीकडून उचलली, तीही उशिरा. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची गाजलेली चाचणी १९४८ मध्ये छापली गेली. आम्ही डॉक्टर शेतकऱ्याचे ऋणी आहोत, पण हे कॉलेजात कुणी सांगत नाही.

२००२ मध्ये एक अहवाल आला. मेटफॉर्मिन घेता घेता दिवस राहिलेल्या आणि पुढेही गोळी चालू ठेवलेल्या पीसीओडीच्या स्त्रियांत लवकरचा गर्भपात ८.८ टक्के, न घेणाऱ्यांत ४१.९ टक्के. आकडा डोळे दिपवणारा. गोळी स्वस्त, घेणाऱ्यांची रांग मोठी. पण तो जुन्या केसपेपरांवरून काढलेला हिशेब होता, चिठ्ठी टाकलेली नव्हती. विहिरीजवळचा तुकडा कुणाच्या वाट्याला गेला होता, कोण जाणे.

चिठ्ठी टाकून केलेल्या चाचण्या मागाहून आल्या. २००७ मध्ये अमेरिकेत ६२६ स्त्रियांच्या चाचणीत मूल जन्मापर्यंत पोचलं ते क्लोमिफिन या बीज पिकवणाऱ्या गोळीवर २२.५ टक्के जणींचं, नुसत्या मेटफॉर्मिनवर ७.२ टक्के, दोन्हींवर मिळून २६.८ टक्के. म्हणजे दिवस राहावेत म्हणून एकटी ही गोळी फार दुबळी. २०१४ मध्ये लेट्रोझोल या त्याच कामाच्या दुसऱ्या गोळीने क्लोमिफिनलाही मागे टाकलं. त्याच लेट्रोझोलवर आपल्या देशात वंध्यत्वाच्या उपचारासाठी २०११ पासून काही वर्षं बंदी होती, हा आपल्याकडचा विनोद. दिवस राहिल्यानंतर गोळी द्यावी का, यावर नॉर्वेच्या डॉक्टरांनी चिकाटीने काम केलं. २०१९ मध्ये नॉर्वे, स्वीडन आणि आइसलँडमधल्या ४८७ स्त्रियांचा निष्कर्ष आला. उशिराचा गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती गोळीवर ५ टक्के, बिनऔषधी गोळीवर १० टक्के. फरक दिसतो, पण एकट्या चाचणीत तो संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात कमी पडला. गरोदरपणातला मधुमेह मात्र दोन्हीकडे सारखाच, पंचवीस टक्क्यांच्या आसपास. आधीच्या एका छोट्या चाचणीत याच गटाला आढळलं होतं, की गरोदरपणात ही गोळी पुरुषी संप्रेरकं कमी करतच नाही. पहिल्या बारा आठवड्यांतल्या गर्भपाताबद्दल अलीकडे अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र केले गेले. कल गोळीच्या बाजूला दिसतो, पण योगायोगाची शक्यता त्यांनी पुसली जात नाही.

तेव्हा पाकीट हातात घेऊन बसलेल्या मुलीला मी काय सांगते? आधी विचारते, गोळी सुरू कशासाठी झाली होती. पाळीसाठी, बीज तयार व्हावं म्हणून दिली होती आणि साखर ठीक असेल, तर तिचं काम झालं, बहुधा मी ती थांबवते. आधीचं अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण असेल तर बसून बोलतो, चालू ठेवायला जागा असते. मात्र तिला खरोखर मधुमेह असेल तर माझा सूर बदलतो: मला विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नाही. कारण बाळाचं मणक्याचं आणि मेंदूचं नळकांडं गर्भधारणेनंतर २८ दिवसांत बंद होतं, हृदयही त्याच सुमारास आकार घेतं. त्या दिवसांत आईची साखर बेफाम असली तर गर्भपात आणि व्यंग दोन्हींचा धोका वाढतो. मेटफॉर्मिनने व्यंग येत नाही. ताळ्यावर नसलेल्या साखरेने येऊ शकतं. घाबरून गोळी टाकून देणारी मधुमेही बाई नेमकं उलटं करते. तिला आम्ही सवडीने इन्शुलिनवर आणतो.

खरी बंद करायची औषधं दुसरीच आहेत आणि त्यांच्याबद्दल कुणी विचारत नाही. चेहऱ्यावरच्या केसांसाठी दिलेलं स्पायरोनोलॅक्टोन किंवा फिनास्टेराइड पुरुषी संप्रेरकाची वाटच अडवतं. पोटात मुलगा असेल तर त्याच्या अवयवांची घडण त्याने बिघडू शकते. दिवस राहण्याआधीच ती थांबली पाहिजेत. वजन उतरवायची सेमाग्लुटाइडसारखी नवी इंजेक्शनं निदान दोन महिने आधी. आणि यात एक मेख आहे: वजन उतरलं की थांबलेली बीजं पुन्हा पिकायला लागतात आणि 'मला कुठे दिवस राहतात' म्हणून निर्धास्त असलेल्या मुलीला नकळत राहतात.

आता आपल्या मातीतली एक गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आयांचा आणि त्यांच्या लेकरांचा माग ठेवला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडातल्या बाळांचं साडेतीन. पण ही बारकी बाळं चरबीच्या बाबतीत तेवढी बारकी नव्हती. त्यातल्या दोन-तृतीयांश आयांना बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्या आयांत फॉलेट जास्त आणि बी-१२ कमी, त्यांची मुलं सहाव्या वर्षी इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देणारी निघाली. मेटफॉर्मिन बरेच महिने घेतलं तर बी-१२ आणखी उतरतं. माळकरी घरातली, दूध चहापुरतंच घेणारी सून, दोन वर्षं ही गोळी आणि वर दिवस राहिल्यावर फोलिक अ‍ॅसिड: हे मिश्रण मी दर आठवड्याला पाहते. फोलिक अ‍ॅसिड बंद करायचं नाही, ते लागतंच. सोबत बी-१२ तपासायचं आणि भरून काढायचं, एवढं साधं काम.

दुसरं असं, की ही गोळी वारेतून बाळापर्यंत पोचते. २०२० मध्ये मधुमेही गर्भवतींच्या एका मोठ्या, मुख्यतः कॅनडातल्या चाचणीत इन्शुलिनबरोबर ती घेणाऱ्यांची बाळं फार मोठी होणं कमी झालं, पण दिवसांच्या मानाने लहान बाळांचं प्रमाण १३ टक्के झालं, न घेणाऱ्यांत ७ टक्के. कॅनडात चार किलोचं बाळ ही अडचण असते. घनसावंगीच्या किंवा मंठ्याच्या बाईचं बाळ मुळात अडीचच्या उंबरठ्यावर असताना हा आकडा मी वेगळ्या नजरेने वाचते. नॉर्वेच्या त्या डॉक्टरांकडे गरोदरपणात गोळी घेतलेल्या आयांच्या मुलांचं वजन चौथ्या वर्षी थोडं जास्तच भरलं, हेही त्यात धरते.

सरकारी नियम यात बरा आहे. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी आग्रह धरलेली तपासणी: पहिल्याच भेटीत, पोट भरलेलं असो वा रिकामं, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, दोन तासांनी साखर १४० किंवा वर आली तर गरोदरपणातला मधुमेह. पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान. आधी आहार आणि चालणं. भागलं नाही तर औषध, आणि मेटफॉर्मिन विसाव्या आठवड्यानंतरच, त्याआधी इन्शुलिन. कागदावर सगळं नीट. पण अंबड, परतूर, मंठा भागातून दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बाईला दिवस राहिल्याचं कळतं ते फडावर, कोपीत. तिथे पहिली भेट कुणाशी होणार? ती उन्हाळ्यात गावी येते तेव्हा पोट दिसायला लागलेलं असतं आणि पहिले बारा आठवडे कधीच सरलेले असतात. टोळी निघायच्या आधी, उचल घेतानाच्या दिवसांत उपकेंद्रात या वयाच्या बायकांची साखर, हिमोग्लोबिन आणि चालू गोळ्या एकदा पाहून घेतल्या तर निम्मं काम होईल. ट्रॅक्टरची कागदपत्रं पाहतो, तेवढा वेळ पुरे.

आणि बाळंतपणानंतरची तपासणी तर जवळजवळ कुणीच करत नाही. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईची प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी व्हायला हवी, कारण पुढच्या खेपेच्या पहिल्या बारा आठवड्यांचा हिशेब तिथूनच सुरू होतो. ती तोवर माहेरी असते, फाईल सासरच्या दवाखान्यात असते. पण आपल्याकडे सव्वा महिना पाळतात आणि बाळाला दीड महिन्याची लस टोचायला उपकेंद्रात नेतातच. आई बाळाला मांडीवर घेऊन बाकावर बसलेली असते. बाळाचं वजन होतं, कार्ड भरलं जातं. त्याच बाकावर तिला ग्लुकोजचं पाणी द्यावं आणि दोन तास थांबवून घ्यावं, अशी माझी आपल्या जिल्ह्यातल्या आरोग्य खात्याला विनंती आहे. बाहेर गाडी घेऊन थांबलेल्या घरच्या पुरुषांनी तेवढे दोन तास घाई करू नये.